काय पाहिलंत, एवढंच सांगा

उणे एकतीस. बस रात्रभर विजेच्या तारेला बांधलेली,
इंजिनात ऊब राहावी म्हणून.
पहाटे साडेसहाला मी तार सोडते नि निघते :
फ्रीसनचं शेत, धान्याची कोठारं,
मग टपालपेटीचा निळा खांब,
तिथं ब्रिन. वय सात.
एका हातात मोजा, दुसरा हात खिशात.

सस्कॅचेवानात हात खिशात घालणं हा काही गुन्हा नव्हे.
असं मी म्हणत राहिले, अख्खा नोव्हेंबर.

मग एकदा परतीच्या फेरीत
अर्धं सँडविच ती कागदात परत गुंडाळताना दिसली.
कुणासाठी गं?
कोडीसाठी. सकाळी तो रडत होता.
आई होती ना घरी?
काचेवरच्या हिमात तिनं नखानं घर काढलं,
घराला दार,
दाराला टेकून एक चौकोन.
ही खुर्ची, म्हणाली. मी बाहेरून लावते.
नाहीतर तो येतो ना माझ्यामागं बर्फात.

कोडी तीन वर्षांचा आहे.
मी गिअर बदलला. मागं एकोणीस पोरं.

आमचं गाव म्हणजे चारशे माणसं, एक दुकान.
फोन कुणी केला, हे इथं विचारावं लागत नाही.
नवरा म्हणाला, झाकली मूठ राहू दे.
मार्ला एकटी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
साडेआठला घरी पोचतेच की.
दीड तासाचा तर प्रश्न.
मी दिवा मालवला
आणि अंधारात तो दीड तास
मोजत पडले, मिनिटामिनिटानं.

डिझेलच्या पावत्यांमागं तारखा लिहिल्या होत्या.
त्या टेबलावर पसरून फोन केला.
पलीकडचा आवाज तरुण होता, सर्दी झालेला.
मी सुरू केलं : मला वाटतं, ती आई…
वाटतं ते नको, तो म्हणाला,
काय पाहिलंत, एवढंच सांगा.

मोजा. सँडविच. खुर्ची.
एवढंच? एवढंच. केवढंसं वाटलं ते बोलताना.
नाव नाही सांगितलं तरी चालेल, म्हणाला.
मी सांगितलं. स्पेलिंगसकट. डोरीन ह्रिचक.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही.
तिची पावती नव्हती माझ्याकडे.

ब्रिन चार दिवस आली नाही.
पाचव्या दिवशी आली, दोन्ही हातांत मोजे,
माझ्याकडे न बघता थेट शेवटच्या बाकावर.
त्यांच्या अंगणात आता पहाटे एक गाडी असते,
खिडकीत दिवा. कुणीतरी बाई येते म्हणे.
चांगलं झालं का? विचारू नका.
खांबापाशी मी जरा जास्तच वेळ थांबते, इतकंच.

काल दुकानात मार्ला.
अंड्यांच्या फळीपाशी, समोरासमोर.
तुम्हीच ना?
हो.
शिव्या ऐकायची तयारी करूनच आले होते मी, दोन आठवडे.
तिनं खोका उघडला, एकेक अंडं फिरवून
तडा बघितला, बाराही,
आणि खोका बंद करून म्हणाली :
मीही तुमच्याच बसमध्ये होते.
तिसरा बाक.
तेव्हा काय पाहिलं होतंत?

वीस वर्षांपूर्वी मी आरसा वर केला होता,
त्यात नुसतं बसचं छत दिसेल
इतका.

स्वेटर, मी म्हटलं.
जून होता. गळ्यापर्यंतचा, मरून रंगाचा.
एक बटण नव्हतं.
आणि मानेपाशी…

फ्रीजची मोटर सुरू झाली, बंद झाली.
कुणीतरी मागून ढकलगाडी घेऊन आलं,
आम्हाला बघून दुसऱ्या रांगेत वळलं.
मार्ला पुढचं सांगा म्हणाली नाही.
पण गेलीही नाही.